सात जण आले, त्यातले पाच घरचेच

साइट सुरू केली त्या रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, आज सात जण येऊन गेले."

मला बरं वाटलं. पहिलाच दिवस, कुणाला सांगितलेलंही नाही, आणि सात. फोन ठेवल्यावर हिशेब केला. मी मोबाइलवर उघडली होती, लॅपटॉपवर उघडली होती, बायकोला दाखवायला तिच्या मोबाइलवर उघडली होती. भाच्यानं त्याच्या दोन यंत्रांवर. झाले पाच. सहावा भाच्याचा मित्र, रंग कसे दिसतात ते बघायला आलेला. सातवा कोण ते आजवर कळलेलं नाही. बहुधा तो माणूस नसावाच.

मी सतरा वर्षं शिलाई मशीनची दुरुस्ती करत आलोय. आधी कारखान्यातली मोठी मशीनं, मग घरगुती. तेच तेच दोष, तेच तेच प्रश्न. एकदा लिहून ठेवू, म्हणजे फोनवर समजावत बसायला नको, एवढाच विचार होता. चार महिने बसून अकरा लेख लिहिले, फोटो काढले, भाच्यानं साइट उभी करून दिली. लेख लिहिले की लोक वाचतील असं मी गृहीत धरलं होतं. ते येणार कुठून, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

पहिले तीन आठवडे आकडा शून्य ते चारच्या मध्ये डोलत राहिला. चार म्हणजे मी जरा जास्त वेळा उघडून पाहिली तो दिवस. भाचा म्हणायचा, "नवीन साइट आहे मामा, वेळ लागतो." वेळ लागतो हे खरंच आहे, पण हे वाक्य फार सोयीचं असतं. कारागीरही गिऱ्हाइकाला हेच सांगतात, दोष सापडला नसला की.

शेवटी मीच एक साधी तपासणी केली. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहायचं, पुढे अपूर्णविराम, आणि जागा न सोडता आपला पत्ता. आपल्या साइटची कुठली पानं गूगलकडे आहेत त्याचा अंदाज यातून येतो. माझ्या बाबतीत उत्तर आलं: काहीही नाही. एकही पान नाही.

इथं माझा धंदा कामी आला. मशीन मधूनच टाका सोडत असेल तर कारण शोधायला अर्धा दिवस जातो. एकही टाका पडत नसेल तर कारण साधारण एकच असतं, आणि ते समोरच असतं. मी भाच्याला म्हटलं, हे 'वेळ लागतो'मधलं नाही, कुठंतरी काहीतरी बंद आहे. त्यानं पानाचा मूळ कोड उघडला. वरच्या दहा-पंधरा ओळींतच एक ओळ होती, तिच्यात 'नोइंडेक्स' असा शब्द. म्हणजे आम्ही स्वतःच प्रत्येक पानावर गूगलसाठी लिहून ठेवलं होतं की बाबा, हे पान तुझ्या शोधाच्या सूचीत घेऊ नकोस.

झालं असं होतं की साइट बांधली जात असताना अर्धवट पानं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून भाच्यानं वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्यावर बांधली त्या साधनाच्या, सेटिंग्जमध्ये, 'रीडिंग' विभागात, एका चौकटीत टिक केली होती. शोधयंत्रांना ही साइट घेऊ देऊ नका, अशा अर्थाची ती चौकट. साइट खुली केली, टिक तशीच राहिली. तेवीस दिवस. "माझंच चुकलं मामा," म्हणाला. मी काही बोललो नाही. मी स्वतः एकदा मशीन पूर्ण उघडून, तेल देऊन, परत जोडून दिलं होतं आणि सुई लावायची राहिली होती.

टिक काढल्यावर मला वाटलं आता धो-धो. तसं काही झालं नाही. गूगल सर्च कन्सोल नावाचं एक फुकट साधन आहे, साइट आपली असल्याचं सिद्ध केलं की ते आतली माहिती दाखवतं. तिथं साइटमॅप द्यायचा असतो, म्हणजे आपल्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी. वर्डप्रेस २०२० पासून ती स्वतःच तयार करतं. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते बसतात असं वाचून मला हसू आलं, माझ्याकडे अकरा होते. दिले. चार-पाच दिवसांत अकरापैकी सहा पानं सूचीत आली. उरलेल्या पाचांपुढे शेरा होता: 'सापडलं आहे, सध्या सूचीत नाही.'

मी रोज सकाळी एकेका पानासाठी 'सूचीत घ्या' अशी विनंती करायचो. तेच पान, तीच विनंती. नंतर गूगलच्याच मदतपानावर वाचलं की पुन्हा पुन्हा विनंती केल्यानं काम लवकर होत नाही. लिफ्टचं बटण दहादा दाबल्यासारखंच. खरी अडचण वेगळी होती. त्या पाच पानांकडे माझ्याच दुसऱ्या कुठल्या पानावरून वाट नव्हती. मेन्यूत नव्हती, लेखांत उल्लेख नव्हता. मग दोरा तुटण्याच्या लेखात, जिथं सुईचा विषय निघतो तिथं, सुईच्या लेखाची लिंक दिली. सुईच्या लेखात बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, लेखाची. तीन आठवड्यांत चार पानं आत आली. पाचवं आलं नाही, आणि ते नीट वाचल्यावर मलाही पटलं की ते घेण्यासारखं नव्हतंच. दुसऱ्या दोन लेखांतलंच फिरवून लिहिलेलं होतं. काढून टाकलं.

मधल्या काळात मी तो उद्योग केला जो प्रत्येक जण करतो. व्हॉट्सअॅपवरच्या सगळ्या गटांत लिंक टाकली. शाळेचा गट, कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांचा गट, नातेवाइकांचे दोन. त्या दिवशी १८६ जण आले. दुसऱ्या दिवशी ३१. तिसऱ्या दिवशी ४. सरासरी माणूस पानावर नऊ सेकंद थांबला होता. एका चुलतभावानं अर्ध्या मिनिटात 'खूप सुंदर उपक्रम, वाचून आनंद झाला' असं लिहिलं. आमच्या आकड्यांत त्या अर्ध्या मिनिटात कुणीच आलेलं नव्हतं. पण त्याचा काय दोष? त्याच्याकडे शिलाई मशीनच नाही. मी तरी त्याच्या म्युच्युअल फंडाच्या पोस्ट कुठं वाचतो.

त्या प्रकारात एक गोष्ट मात्र उघडकीस आली. गटात लिंक टाकली तेव्हा ती लिंक दिसत नव्हती, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं-आकडे यांची एक लांबच लांब माळ दिसत होती. चार ओळी नुसता कचरा. एका मावशीनं विचारलंही, "हे व्हायरस तर नाही ना?" लेखाचं तेव्हाचं नाव होतं 'शिलाई मशीनचा दोरा वारंवार का तुटतो', आणि वर्डप्रेसनं तेच मराठी नाव पत्त्यात घेतलं होतं. पत्ता पाठवताना देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा, नऊ-नऊ चिन्हांत मोडून लिहिलं जातं. 'दोरा' एवढ्या शब्दाला छत्तीस. त्यात वर्डप्रेस असा पत्ता दोनशे चिन्हांच्या आत ठेवायला तो मध्येच छाटतं, तेव्हा आमचा पत्ता 'शिलाई-मशीनचा-दोरा-वारंवा' इथंच थांबला होता. शेवटचा 'र' गेला, 'का' गेला, 'तुटतो' गेला.

मराठी पत्ता दिसायला छान, ब्राउझरच्या पट्टीत तो मराठीतच दिसतो, आणि गूगललाही तो चालतो. पण चिकटवताना असा फुटतो. मी सगळ्या लेखांचे पत्ते इंग्रजी अक्षरांत, दोन-तीन शब्दांचे करून टाकले. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळवणी द्यावी लागते, तिला ३०१ म्हणतात, ती भाच्यानं दिली. सोबत लिंकखाली चित्र आणि मथळा दिसावा म्हणून पानाच्या कोडात चार ओळी घातल्या. पुढच्या वेळी मावशीनं व्हायरस म्हटलं नाही. उघडलंही नाही, पण ते असो.

तिसऱ्या महिन्यात सर्च कन्सोलमध्ये पहिल्यांदा वाचण्यासारखं काही आलं. तिथं एक तक्ता असतो: लोकांनी काय शोधलं, आपलं पान किती वेळा समोर आलं, किती वेळा त्यावर क्लिक झालं, आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. फार थोड्या लोकांनी केलेले शोध त्यात दाखवत नाहीत, खासगीपणा म्हणून. तरी माझ्याकडे साठ-सत्तर ओळींची यादी जमली होती. एका रविवारी ती कागदावर उतरवून घेतली. माझी सवय आहे, पडद्यावरचं मला नीट दिसत नाही.

आधी माझ्या मथळ्यांबद्दल सांगायला हवं. मला जरा लेखक झाल्यासारखं वाटत होतं. 'दोऱ्याचे रुसवे' हा एक लेख. 'सुई : एवढीशी, पण' हा दुसरा. तिसरा 'ताण हवाच, पण किती?' हा वरच्या दोऱ्याच्या ताणाबद्दल. यादीत या तिसऱ्यासमोर दिसणारे शोध असे होते: 'ताण कमी करण्याचे उपाय', 'मनावरचा ताण', 'परीक्षेचा ताण'. क्रमांक सत्तर-ऐंशीच्या घरात, क्लिक शून्य. कुणी तरी झोप येत नाही म्हणून रात्री मोबाइल हाती घेतला असेल आणि गूगलनं आठव्या पानावर कुठं तरी माझा स्प्रिंगचा फोटो ठेवला असेल. कारागिरांच्या भाषेत 'टेन्शन' लिहिलं असतं तर आणखीच पंचाईत.

त्याच यादीत एक ओळ होती: 'मशीन खालून दोरा गुंतते'. चाळीस वेळा समोर आलो होतो, एक क्लिक, क्रमांक चौदा. तिच्याखाली तिचीच भावंडं. 'कापडाखाली दोऱ्याचा गोळा', 'बॉबिनचा दोरा अडकतो', आणि पाच-सहा ओळी इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. सगळ्यांचं दुखणं एकच. आणि त्याचं उत्तर माझ्या 'ताण हवाच' लेखात होतं, नवव्या परिच्छेदात.

हे जरा नीट सांगतो, कारण माझ्या डोक्यात उजेड पडला तो इथं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की माणूस खाली बघतो. बॉबिन काढतो, डबी काढतो, फुंकर मारतो, खालच्या स्क्रूला हात लावतो आणि असलेलं बिघडवतो. दोष बहुतेक वेळा वर असतो. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो, त्या चकत्या त्याला धरून ताण देतात. कापड दाबणारा पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात. त्या वेळी दोरा ओवला तर तो चकत्यांच्या आत बसतच नाही, वरून नुसता जातो. वरचा दोरा सैल, म्हणून खाली जाळं. उपाय दहा सेकंदांचा आहे: पाय वर उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा.

मी हे सतरा वर्षं करतोय, म्हणून मी लेखाला नाव दिलं कारणाचं. वरच्या दोऱ्याचा ताण. ज्याचं मशीन अडलंय त्याला कारण माहीत असतं तर तो शोधायलाच आला नसता. त्याला जे दिसतंय तेच तो टाइप करणार: खालून गुंततंय.

मी तो लेख मोडला. नवा मथळा: 'कापडाखाली दोरा गुंततो? वरचा दोरा काढून पुन्हा ओवा'. पहिल्या चार ओळींत उपाय, मग दोन फोटो, एक पाय खाली असतानाच्या मिटलेल्या चकत्यांचा आणि एक उघड्या चकत्यांचा, आणि त्यानंतर ज्याला हवं त्याच्यासाठी कारण. भाच्याची शंका होती की उत्तर वरच दिलं तर माणूस लगेच निघून जाईल. जाऊ दे की. त्याचं कापड मशीनमध्ये अडकलंय, त्याला माझ्या गद्यात रस असायचं कारण नाही. पाच आठवड्यांत ते पान चौदावरून पाचच्या आसपास आलं, आणि आठवड्याला एकाऐवजी वीस-बावीस माणसं यायला लागली. मजा म्हणजे त्यातली बरीच निघून न जाता पुढे 'दोरा तुटतो' वाचायला जायची.

मग मला नादच लागला. दर रविवारी यादी उतरवायची, ज्या शोधात मी आठ ते वीसच्या मध्ये आहे तो शोध घ्यायचा, आणि माझ्या पानावर त्याचं उत्तर खरंच आहे का ते प्रामाणिकपणे बघायचं. निम्म्या वेळा नसायचं. 'दोऱ्याचे रुसवे' गेलं, 'दोरा सारखा तुटतो : सहा कारणं' आलं. मथळा कुरूप आहे, मान्य. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांसाठी काय करावं हे कळेना. सगळा लेख तसा लिहिणं मला जमणार नव्हतं आणि पटणारही नव्हतं. बऱ्याच वेळा गूगल ते आपोआप जुळवून घेतं असं दिसलं, म्हणून सोडून दिलं. भाच्याच्या मित्रानं कोडात 'कीवर्ड'ची एक ओळ असते ती शब्दांनी भरून टाकायला सांगितलं होतं. ती ओळ आम्ही क्रमवारीत वापरत नाही असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे. सल्ले मात्र अजून फिरताहेत.

सगळ्यात जास्त चाललेलं पान कुठलं म्हणाल तर जे मी लिहिणारच नव्हतो ते. सुई कुठल्या बाजूनं बसवायची. यादीत 'नवीन सुई लावली टाका पडत नाही' असं आलं तेव्हा मला वाटलं, हे काय सांगायचं, हे तर मशीन घेतानाच कळतं. कळत नाही. सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते, दोरा त्या बाजूनं आत शिरतो. खालचं हुक दुसऱ्या बाजूनं येऊन दोऱ्याचा फास उचलतं. सुई उलटी बसली की हुकाला फास मिळत नाही, मशीन फिरतं पण टाका पडत नाही. एवढंच पान आहे. तीनशे शब्द आणि नखावर सुई आडवी धरून काढलेला एक फोटो, ज्यात खाच दिसते. तो फोटो मिळवायला सव्वा तास गेला, खिडकीतलं ऊन सरकत होतं आणि माझं नख काळं होतं. आज साइटवर येणाऱ्यांतला जवळजवळ दर तिसरा माणूस त्या पानावर उतरतो.

फोटोंवरून आठवलं. मोबाइलचे फोटो मी जसेच्या तसे चढवले होते, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. एका लेखात नऊ. म्हणजे दोरा का तुटतो हे कळायला माणसानं चाळीस एमबी खर्च करायचे. पान किती वेगानं उघडतं ते मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला तर सगळं लाल. पानावरचा मुख्य मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा असा गूगलचा मापदंड आहे, माझा अकरा सेकंद घेत होता. फोटो लहान केले, वेबपी नावाच्या हलक्या स्वरूपात बदलले, काम एका संध्याकाळचं. इथं आणखी सांगण्यासारखं काही नाही.

एक लाजिरवाणी गोष्टही केली. चौथ्या महिन्यात आकडा दिवसाला अकरावर अडला होता तेव्हा एक ईमेल आला: एका आठवड्यात पाच हजार 'खरे' वाचक. भाच्याला न सांगता मी ते घेतलं. आले, पाच हजारांच्या वर आले. सगळे मुखपृष्ठावर आले, कुणी खाली सरकलं नाही, कुणी दुसरं पान उघडलं नाही, थांबण्याचा वेळ शून्य. रात्री तीन ते चारच्या मध्ये नऊशे. शिलाई मशीनबद्दल एवढी उत्सुकता पहाटे तीनला! आठवडा संपला आणि आकडा परत अकरा. वर नुकसान असं की त्या महिन्याच्या सरासऱ्या बिघडल्या, काय चाललंय ते तक्त्यावरून कळेनासं झालं. त्याच लोकांनी मग हजार साइटींवरून लिंक मिळवून देतो म्हणून लिहिलं. तोवर भाच्याला कळलं होतं. त्यानं सांगितलं की गूगल सुरुवातीपासून दुसऱ्यांनी दिलेल्या लिंक मोजत आलंय, म्हणून लोकांनी खोट्या लिंकांचे कारखाने काढले, आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल करून गूगलनं अशा साइटी खाली ढकलल्या. "तुम्ही मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाला. टिकचा हिशेब फिटला.

खरी लिंक मिळाली ती न मागता. शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सूचनांच्या पानावर माझ्या सुईच्या लेखाचा पत्ता दिला होता. मला ते दोन महिन्यांनी कळलं, कन्सोलच्या लिंकांच्या यादीत. तिकडून येणारी माणसं दिवसाला दोन-तीनच, पण ती सरासरी चार मिनिटं थांबतात. पाच हजारांची मिळून चार मिनिटं झाली नव्हती.

आणि दुसरी एक वाट मला माझ्या कामातूनच सापडली. दुरुस्त केलेल्या मशीनवर मी पूर्वी तेल कधी द्यायचं त्याची चिठ्ठी चिकटवायचो. तिच्या जागी क्यूआर कोड छापून लावायला लागलो, स्कॅन केला की दोरा ओवण्याचं पान उघडतं. क्यूआर कोड मुळात १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. म्हणजे कारखान्यातलीच वस्तू, मला आवडली. पहिला नमुना मात्र स्कॅन होईना. जुना मराठी पत्ता घातला होता, आणि पत्ता जितका लांब तितके चौकोन जास्त. एका बाजूला सत्तरच्या वर चौकोन, अंगठ्याएवढ्या जागेत. नुसती काळपट रांगोळी. छोट्या पत्त्यानं तेच काम तेहतीस चौकोनांत झालं. दुरुस्ती-क्षमतेचा सर्वांत वरचा स्तर निवडला तर कोडचा साधारण तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मी मुद्दाम तेलाचं बोट फिरवून पाहिलं. वाचला गेला. ही माणसं आकड्यानं थोडी आहेत, पण परत परत येतात. बॉबिन भरताना विसरलं की स्कॅन, सुई बदलताना स्कॅन.

आता वर्ष होत आलं. दिवसाला साठ ते सत्तर, रविवारी थोडे जास्त. अलीकडे एक बदल दिसतोय: 'कुठल्या कापडाला किती नंबरची सुई' असल्या प्रश्नांत माझं पान समोर येतं, पण क्लिक होत नाही. उत्तर गूगल वरच देऊन टाकतं, कधी माझ्याच तक्त्यातून. राग येतो, नाही असं नाही. जिथं फोटो बघून आपलं मशीन ताडून पाहायचं असतं तिथं लोक अजून आत येतात, म्हणून नवे लेख मी तसेच घेतोय.

कालच्या यादीत एक ओळ होती: 'पायाचे मशीन उलटे फिरते दोरा तुटतो'. अठ्ठावीस वेळा समोर आलो, क्लिक शून्य. बरोबरच आहे, माझ्याकडे त्यावर काहीच नाही. पायटा, म्हणजे पायाखालची फळी, मारायला सुरुवात करताना चाक आपल्या बाजूला ओढून सोडायचं असतं, हे नव्या माणसाला कोण सांगणार. भाच्याला उद्या सकाळी बोलावलंय. तो पायटा मारणार, मी मोबाइल धरणार. चाकावर खडूनं बाण काढून ठेवलाय, फोटोत दिशा दिसावी म्हणून.